कर्नल मेला, आपोआप उठेल

"सर, कर्नल मेला," मी म्हणाले.

"असू दे, असू दे," स्पीकरवरून सरांचा आवाज आला. "परत उठवा त्याला. आम्ही थांबतो."

एवढ्यात स्वयंपाकघरात मेथी निवडायचा आवाज थांबला. घरून काम करायचं म्हटलं की भिंतीपलीकडे आई असते. तिला अर्धं ऐकू येतं, उरलेलं अर्धं ती स्वतःच पूर्ण करते. आमच्या खालच्या मजल्यावर एक कर्नल राहतात. निवृत्त, पंचाहत्तरीचे, रोज पहाटे सोसायटीला सात फेऱ्या मारणारे. आईने मेथी परातीत तशीच टाकली, डोक्यावर पदर घेतला आणि जिना उतरून गेली. दहा मिनिटांनी परत आली ती चिडूनच, आणि माझ्या खोलीच्या दारात उभी राहून खणखणीत आवाजात म्हणाली, "कोण गेलं म्हणायलीस गं मघापासून? ते तर गॅलरीत दाढी करायलेत!"

माईक चालू होता. मीटिंगमध्ये अकरा जण होते.

त्या मीटिंगचं पुढे काय झालं ते सांगायचंच आहे, पण त्याआधी हा कर्नल कोण ते सांगायला हवं. आईलाही सांगितलं होतं. "आई, तो माझ्या नोटबुकमधला कर्नल." त्यावर ती म्हणाली, "वहीत कर्नल?" आणि मेथीकडे वळली.

तर वही अशी. ब्राउझरमध्ये एक पान उघडतं. त्यात चौकटी असतात, त्यांना सेल म्हणायचं. एका सेलमध्ये दोन ओळींचा कोड लिहायचा, शिफ्ट धरून एंटर दाबायचं, की उत्तर लगेच त्याच्याखाली हजर. आकडा असेल तर आकडा, तक्ता असेल तर तक्ता, आलेख असेल तर आलेख. मधल्या चौकटीत साध्या भाषेत चार ओळी लिहायच्या, की मी हे का केलं. मग पुढचा सेल. पण आपल्याला दिसतो तो नुसता कागद. गणित करणारा त्यामागे बसलेला असतो, त्याचं नाव कर्नल. आपण चिठ्ठी पाठवायची, त्याने उत्तर पाठवायचं. तो कामात असला की सेलच्या डावीकडच्या कंसात एक चांदणी येते. काम झालं की चांदणी जाऊन तिथे आकडा येतो. आणि झेपेनाइतका डेटा त्याच्या अंगावर टाकला की एक खिडकी उघडते. तिच्यावरच्या मजकुराचा अर्थ असा, की कर्नल मेलेला दिसतो, तो आपोआप पुन्हा सुरू होईल. मृत्यू आणि पुनर्जन्म इतक्या कमी शब्दांत गरुडपुराणालाही जमलेले नाहीत.

गंमत म्हणजे हे सगळं ब्राउझरमध्ये दिसत असलं तरी माझ्या बाबतीत ते इंटरनेटवर नसतं. वर पत्ता असतो लोकलहोस्ट ८८८८, म्हणजे माझाच लॅपटॉप. आपल्याच घरातल्या आपल्याच खोलीत जायला बाहेरून वळसा घालून दारावरची बेल वाजवायची, असा प्रकार. त्यामुळे सोसायटीचं नेट जातं तेव्हा सगळे गॅलरीत येऊन एकमेकांना "तुमच्याकडे आहे का?" विचारतात आणि मी एकटी आत कर्नलशी बोलत बसलेली असते.

या वहीचं नाव ज्युपिटर. इंग्रजीत ग्रहाच्या नावात आय असतो, इथे त्याजागी वाय आहे, कारण ज्युलिया, पायथन आणि आर या तीन भाषांची नावं त्यात कोंबायची होती. आपल्याकडे ज्युपिटर म्हणजे गुरू, त्यामुळे आई याला गुरूची वही म्हणते आणि मला गुरुबळ कमी आहे असंही म्हणते. वहीचं मूळ २००१ सालचं आहे. फर्नांडो पेरेझ नावाचा कोलंबियातून आलेला विद्यार्थी अमेरिकेत कोलोरॅडोला भौतिकशास्त्रात पीएचडी करत होता. प्रबंध लिहायचा होता. प्रबंध लिहायचा असला की माणूस काय करतो ते आपल्याला माहीत आहे: माळा आवरतो, जुने चार्जर वेगळे काढतो, पंख्याची पाती पुसतो. पेरेझने २५९ ओळींचा एक प्रोग्राम लिहिला, पायथनशी नीट गप्पा मारता याव्यात म्हणून. त्याचं नाव आयपायथन. त्यातून २०११ च्या अखेरीस ब्राउझरमधली वही निघाली आणि २०१४ मध्ये तिला ज्युपिटर हे नाव मिळालं. मी माझा प्रबंध टाळायला लोणच्याच्या बरण्यांना लेबलं लावली होती. ती अजून आहेत.

नावामागे आणखी एक मान दिलेला आहे, गॅलिलिओच्या वहीला. ७ जानेवारी १६१० च्या रात्री त्याने दुर्बिणीतून गुरूशेजारी तीन ठिपके पाहिले आणि ते कागदावर काढले. दुसऱ्या रात्री पाहतो तर तिन्ही ठिपके गुरूच्या एकाच बाजूला. तेही काढले. १३ तारखेला चौथा ठिपका आला. ते गुरूचे चंद्र होते. पण गॅलिलिओला एक गोष्ट करता येत नव्हती: १३ तारखेची रात्र पाहून झाल्यावर ७ तारखेची रात्र पुन्हा रन करणं. आम्हाला येते, आणि सगळी भानगड तिथेच आहे.

आईचं दुधाचं कॅलेंडर घ्या. प्रत्येक तारखेच्या चौकटीत ती दीड, एक, दीड, पाहुणे आले तर अडीच असं लिहिते. महिनाअखेरीला वरून खाली बेरीज. ३० तारखेच्या चौकटीत काहीही लिहिलं तरी ३ तारखेचं दूध नासत नाही. माझी वहीही तशीच दिसते, वरून खाली. पण मी आधी पहिला सेल रन करते, मग सातवा, मग तिसऱ्यात काहीतरी बदलते, मग पुन्हा सातवा. कर्नल बिचारा ज्या क्रमाने चिठ्ठ्या आल्या त्याच क्रमाने कामं करतो. पान काय सांगतं याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. म्हणून कंसातले आकडे वरून खाली वाचले तर १, २, ४१, ७, ४०, ३ असे लागतात.

एक अगदी साधा सेल सांगते. आमच्याकडे पावसाच्या जुन्या नोंदी होत्या, इंचात. त्यांचे मिलिमीटर करायचे म्हणून मी ओळ लिहिली: पाऊस बरोबर पाऊस गुणिले २५.४. (पायथनमध्ये व्हेरिएबलला देवनागरी नाव चालतं, माझ्या कोडमध्ये खरंच 'पाऊस' आहे. अवतरणचिन्हांत घातलेले मराठी आकडेही पायथन सांगितल्यावर मुकाट्याने संख्येत बदलून देतो. तेच आकडे कोडमध्ये उघडे लिहिले की मात्र त्याच्या अंगावर काटा येतो.) ओळ रन केली. एका इंचाचे २५.४ मिलिमीटर झाले. फोन आला. परत आले, रन केलं होतं का आठवेना, म्हणून पुन्हा शिफ्ट-एंटर. ६४५. मग दाराची बेल, कुरियर, सही, पुन्हा शिफ्ट-एंटर. एका इंचाचे १६,३८७ मिलिमीटर. मेघालयातल्या मॉसिनराममध्येही अख्ख्या वर्षात सहसा एवढा पाऊस पडत नाही आणि इथे तो एका दुपारी पडला होता, तोही दुष्काळी तालुक्यात. सेल पाहिला तर एकच ओळ, अगदी निरागस. ती तीनदा रन झाली हे पानावर कुठेच दिसत नाही. ते फक्त कर्नलला माहीत.

दुसरा प्रकार याहून वाईट. सेल खोडला तरी कर्नल तो विसरत नाही. पानावरून ओळ गेली, पण तिने जे केलं ते त्याच्या डोक्यात तसंच. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा वसमतच्या आत्याची आठवण झाली. १९९८ च्या एका लग्नात आमचे बाबा साडीवरून काहीतरी बोलले होते. लगेच सावरून घेतलं, माफी मागितली, चहा झाला, वाक्य खोडलं गेलं. आत्याने ते वाक्य आजवर प्रत्येक कार्यात वापरलेलं आहे. फरक एवढाच, की कर्नलला रिस्टार्ट करायची सोय आहे.

हे माझं एकटीचं रडगाणं नाही. २०१९ मध्ये काही संशोधकांनी गिटहबवरच्या सुमारे १४ लाख नोटबुकांचा अभ्यास केला आणि त्यांतली ज्यांचा क्रम नीट लागतो ती पुन्हा चालवून पाहिली. एररशिवाय शेवटपर्यंत गेली ती २४ टक्के. लेखकाने दाखवलेलं उत्तर परत आलं ते ४ टक्क्यांत. शंभर सुगरणींनी आपापली रेसिपी लिहून दिली आणि तशी करून पाहिल्यावर चौघींचीच पुरणपोळी झाली, असा निकाल. त्याच्या आदल्या वर्षी जोएल ग्रस नावाच्या गृहस्थांनी ज्युपिटरच्याच परिषदेत उभं राहून 'मला नोटबुकं आवडत नाहीत' या विषयावर भाषण दिलं. मिसळ महोत्सवात जाऊन तर्रीविरुद्ध बोलण्यासारखं हे धाडस, पण लोक हसले म्हणे, आणि हसणाऱ्यांतले बरेच जण घरी जाऊन पुन्हा नोटबुकच उघडून बसले असणार. मीही बसते. कारण आकड्यांशी बोलत बोलत विचार करायला याच्याइतकी मोकळी जागा दुसरी नाही. चुकीचा प्रश्न विचारला तरी इथे कुणी वर बघत नाही.

आता मीटिंग. काम होतं एका जिल्ह्याच्या जून ते सप्टेंबरच्या पावसाचं. तारखा आपल्या पद्धतीने लिहिलेल्या: आधी दिवस, मग महिना. डेटा वाचायचं काम करते पांडाज नावाची लायब्ररी, आणि तिचा स्वभाव अमेरिकन, आधी महिना धरणारा. माझ्याकडे तिची जुनी आवृत्ती होती. ती काय करायची, तर ०३/०६ ला ६ मार्च म्हणायची, पण २०/०६ आली की विसावा महिना नसतो हे तिच्या लक्षात यायचं, मग गुपचूप २० जून करायची. सांगायचं मात्र काहीच नाही. २०२३ मधल्या दुसऱ्या आवृत्तीपासून असली सरमिसळ दिसली की ती आरडाओरडा करते; तेव्हा करत नव्हती. ही गडबड माझ्या लक्षात आली होती, मी एका सेलमध्ये तारखा दुरुस्त केल्या होत्या, आलेख झकास आला होता. मग मीटिंगच्या आदल्या आठवड्यात मी वही नीटनेटकी करायला घेतली. पाहुणे येणार म्हटल्यावर आपण घर आवरतो आणि नेमकी लागणारी किल्ली कुठल्यातरी डब्यात ठेवतो, तसा तो दुरुस्तीचा सेल मी काढून टाकला. आलेखाला काही झालं नाही. कर्नलच्या डोक्यात तारखा दुरुस्तच होत्या.

आणि मीटिंगमध्ये कर्नल मेला.

"परत उठवा," सर म्हणाले. मी रिस्टार्ट अँड रन ऑल दाबलं. नवा कर्नल उठला, पण मागच्या जन्मीचं त्याला काहीच आठवत नव्हतं. सेलमागून सेल चांदण्या लागत गेल्या, विझत गेल्या, आणि शेवटी आलेख उमटला. तो उमटता उमटता आई दाढीची बातमी सांगून गेली, त्यामुळे पहिले काही क्षण आलेखाकडे कुणाचं लक्ष नव्हतं. मग गेलं.

पाऊस वर्षभर पडत होता. संक्रांतीच्या आधी पडत होता, शिमग्याच्या सुमारास पडत होता, वैशाखात पडत होता. आणि पावसाळा सोडला तर प्रत्येक महिन्यात फक्त सहा ते नऊ तारखेला. जूनचा सहावा, जुलैचा सातवा, ऑगस्टचा आठवा, सप्टेंबरचा नववा महिना. पहिल्या बारा तारखांमधला सगळा पाऊस उलटा होऊन वर्षभर वाटला गेला होता. खुद्द पावसाळ्यात मात्र एक ते पाच आणि दहा ते बारा तारखा कोरड्या ठणठणीत.

सरांना कुठल्याही आलेखाचा अर्थ लावता येतो. त्यांनी घसा साफ केला. "हवामान बदलाचा परिणाम इथे अगदी स्पष्ट दिसतो," ते म्हणाले. "पाऊस विखुरला गेलाय. बिगरमोसमी पावसाचं प्रमाण पाहा."

दोघातिघांनी लिहून घेतलं. समोरच्या मंडळींत एक वयस्कर गृहस्थ होते, सगळा जन्म शेतीखात्यात गेलेले. ते बराच वेळ चष्मा वरखाली करत होते.

"ताई," ते म्हणाले, "सहा ते नऊच का? दहा तारखेला त्याला सुट्टी असते का?"

यावर मी जे उत्तर दिलं ते मी माझ्या पानावरूनच नव्हे तर कर्नलच्या डोक्यातूनही पुसून टाकलेलं आहे.

त्याच कामाच्या अहवालात आणखी एक प्रकरण झालं होतं, पण ते मी वेळेत पकडलं. आलेखावर तालुक्या-जिल्ह्यांची नावं मराठीत हवी होती. आलेख काढणाऱ्या मॅटप्लॉटलिबच्या नेहमीच्या फाँटमध्ये देवनागरी नाही, त्यामुळे आधी नुसते चौकोन आले, पावसाऐवजी विटा पडल्यासारखे. मी देवनागरी फाँट दिला. अक्षरं आली, पण माझ्याकडच्या मॅटप्लॉटलिबला ऱ्हस्व वेलांटीचं शास्त्र ठाऊक नव्हतं. आपण 'हि' लिहितो तेव्हा संगणकाच्या हिशेबात ह आधी, वेलांटी नंतर. ती उचलून डावीकडे ठेवायची असते. ते न करता त्याने वेलांटी उजवीकडेच सोडली, म्हणजे ती पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसली. परभणी ठीक, नांदेड ठीक, लातूर ठीक. हिंगोली या नावातली वेलांटी ह वरून उठवून ग वर बसवली की काय वाचलं जातं ते तुम्हीच पाहा. माझं माहेर आहे ते, मी लिहिणार नाही. तो आलेख तसाच गेला असता तर मला हळदीकुंकवालासुद्धा तिकडे पाऊल टाकता आलं नसतं. (हा परिच्छेद मी सगळ्यात शेवटी लिहिला आणि मग उचलून इथे आणून ठेवला. सांगितलं नसतं तर कळलंही नसतं. नोटबुकात नेमकं हेच होतं.)

हिंगोलीचाच विषय निघाला म्हणून सांगते. १४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेतल्या लायगो वेधशाळांनी गुरुत्वीय लहर पकडली. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षांवर दोन कृष्णविवरं एकमेकांत विलीन झाली होती, त्याचा हा हादरा. फेब्रुवारी २०१६ मध्ये शोध जाहीर झाला तेव्हा शास्त्रज्ञांनी आकडे तर खुले केलेच, पण ते आकडे गाळून त्यातून लहर कशी बाहेर काढायची याचं नोटबुकही सगळ्यांना देऊन टाकलं. कुणीही उतरवून घ्यावं आणि शिफ्ट-एंटर दाबत जावं. एका रविवारी मी ते घेऊन बसले. शेवटी त्या लहरीचा आवाज करता येतो. आपल्या कानाला नीट ऐकू यावा म्हणून ४०० हर्ट्‌झने चढवलेला. अर्ध्या सेकंदाचाही नाही. मी स्पीकर मोठा केला आणि लावला. खरखर, आणि मग एक बारीक चढता आवाज: च्विप्‌.

स्वयंपाकघरातून ओट्यावर टकटक ऐकू आली. "कृष्ण कृष्ण," आई म्हणाली. "पाल चुकचुकली."

"पाल नाही आई. दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली."

"कृष्णच म्हटलं की मी."

"आई, याच्यासाठी आपल्या हिंगोलीतल्या औंढा नागनाथजवळ मोठी वेधशाळा होणार आहे. केंद्राने २०२३ मध्ये मंजुरी दिली."

"पालीसाठी?" आई म्हणाली.

आईचा आणि माझ्या कामाचा खरा संबंध मात्र दुसऱ्याच निमित्ताने जुळला. माझ्या लॅपटॉपला न पेलणारं काम असलं की मी एका मोठ्या कंपनीची फुकटची सोय वापरते. वही आपल्या ब्राउझरमध्ये, कर्नल त्यांच्या मशीनवर. एसटीत रुमाल टाकून धरलेल्या जागेसारखं आहे ते. तुम्ही बराच वेळ हललाच नाहीत तर ते जागा दुसऱ्याला देतात, आणि कर्नलसकट सगळं जातं. एकदा एक काम चालायला तीन तास लागणार होते आणि मला बँकेत जायचं होतं.

"आई, अधूनमधून येऊन हा माऊस हलवशील? थांबला तर सगळं वाया जाईल."

तिने स्क्रीनकडे पाहिलं. कंसात चांदणी होती. "तळाला लागतं का?"

"हो. तसंच."

"मग सांगायचं ना तसं," असं म्हणून ती खुर्ची ओढून बसली. मी दोन तासांनी परत आले तर एका हाताने वाती वळणं आणि दुसऱ्या हाताने माऊस गोल गोल फिरवणं चालू होतं, अगदी बासुंदी ढवळावी तसं, मंद आणि न थांबता. मधे फोन आला तोही तिने उचलला नव्हता. काम पूर्ण झालं होतं. चांदणी जाऊन आकडा आला होता. "आटलं बघ," ती म्हणाली.

खालच्या कर्नलना त्या दिवशीचा खुलासा आईनेच करून टाकला होता, तिच्या पद्धतीने. माझ्या लेकीच्या वहीत तुमच्या नावाचा एक आहे, तो सारखा मरतो आणि पुन्हा उठतो, तुम्ही मनावर घेऊ नका. तेव्हापासून लिफ्टमध्ये भेटले की ते काठी खाली टेकवून, ताठ उभे राहून विचारतात, "काय, आज कसा आहे मी?"

परवाही विचारलं. मी लॅपटॉप उघडाच हातात धरून चालले होते, काम चालू होतं आणि झाकण मिटलं असतं तर थांबलं असतं.

"चालू आहे सर," मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. "हा बघा, कंसात स्टार आहे."

त्यांनी चष्मा लावून वाकून पाहिलं.

"एकच?" ते म्हणाले. "मग हा कर्नल कुठला, सेकंड लेफ्टनंट आहे हा."